खंडेनवमीनंतरच्या दोन डिस्क

मंचरच्या ज्या फोटो स्टुडिओत मी पहिली नोकरी केली, तिथे फोटो साठवायचं मशीन मी स्वतः जुळवलं होतं. मी जुन्नरकडच्या डिंगोऱ्याचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. जुन्नरच्या कॉलेजात बी.एस्सी. करत असताना प्रयोगशाळेतल्या सरांनी मला सुट्टीतही संगणकाजवळ बसू दिलं, आणि एका मासिकासोबत आलेली, विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीची सीडी मी तिथेच पहिल्यांदा चालवून पाहिली. त्या सीडीच्या जोरावर मला नोकरी मिळेल असं कोणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही. पण स्टुडिओच्या मालकांचं मशीन गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसने सारखं आजारी पडायचं, आणि लिनक्सला व्हायरस लागत नाही हे मी त्यांना ठामपणे सांगितलं. तेवढ्यावर त्यांनी मला ठेवून घेतलं. सगळा बाजार त्यांना भाऊ म्हणायचा, मीही भाऊच म्हणायचो. रोलच्या कॅमेऱ्यावर हात बसलेला माणूस, पण डिजिटल आल्यावर कुरकुर न करता नव्याने शिकला. माझ्यासारख्या पोराच्या हाती त्यांनी सगळं काम सोपवलं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

हे २००७ च्या आसपासचं. एका जुन्या मशीनमध्ये मी एक छोटी डिस्क लिनक्ससाठी ठेवली आणि फोटोंसाठी एक मोठी घातली. श्रावणात भाऊंनी तशीच दुसरी मोठी डिस्क आणून दिली. "एक गेली तर दुसरी पायजे," म्हणाले. मी पहिल्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा दुसरीवर उतरवली. एकेक फाइल उचलून नव्हे, तर पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत सगळी डिस्क. एकच आज्ञा द्यायची आणि वाट बघायची. काम पुरं झाल्यावर दोन्ही ताडून पाहिल्या, कणाचाही फरक नव्हता. मला फार समाधान वाटलं. एकीवर 'मूळ' आणि दुसरीवर 'नक्कल' असं स्केचपेनने लिहिलं आणि नक्कल कपाटात ठेवून दिली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. डिस्कवर फाइलींची मांडणी तयार होते तेव्हाच तिला एक लांबलचक नंबर मिळतो, अंक आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला. वायर इकडची तिकडे लावली तर मशीन डिस्कला वेगळ्या नावाने हाक मारतं, पण हा नंबर बदलत नाही. म्हणून मशीन सुरू झाल्यावर फोटोंची डिस्क कोणती घ्यायची हे मी त्या नंबरानेच लिहून ठेवलं होतं. मासिकात तसंच सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

भाद्रपदात बी-बियाण्यांच्या दुकानाच्या शेठच्या आईने मासखमण केलं. म्हणजे जैनांचा महिनाभराचा उपास, फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. त्यांचे पूर्वज राजस्थानातून आलेले, घरात आपसांत मारवाडी चालायची, पण बाजारात बाई आमच्यासारखंच बोलायच्या. मोठ्या बाई म्हणायचे त्यांना सगळे. फोटोला त्या कधी बसत नसत. या वेळी बसल्या, कारण त्यांची मुलगी हुबळीला होती, बाळंतपण जवळ आलं होतं आणि तिला येता आलं नव्हतं. "पोरीला दाखवायचंय म्हणून बसते," त्यांनी भाऊंना सांगितलं होतं. भाऊंनी बाजारातली मिरवणूक घेतली आणि शेवटी घरातलं पारणं घेतलं, मोठ्या सुनेच्या हातून मुगाचं पाणी पितानाचं. स्टुडिओत मेमरी कार्ड एकच होतं. ते डिस्कवर उतरवून लगेच पुसायचं आणि पुढच्या कामाला घ्यायचं. पारण्यानंतर बाईंना बरेच दिवस थकवा होता, म्हणून फोटो निवडायचं काम नवरात्रानंतर करू असं शेठ म्हणाले. दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांनी त्यांचा भाचा हुबळीला जाणार होता, त्याच्या हाती सगळं पाठवायचं ठरलं.

खंडेनवमीला स्टुडिओत पूजा असायची. कॅमेरे, तिपाया, लाइटी, कात्री, सगळं चौरंगावर. त्या वर्षी भाऊ म्हणाले की मशीनचंही आतलं काढ, खरं हत्यार तेच आहे आता. मी फोटोंची डिस्क काढली, कपाटातली नक्कलही काढली. भाऊंच्या घरच्या वहिनींनी दोन्ही ओल्या फडक्याने स्वच्छ पुसल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं एकेक फूल ठेवलं. दसऱ्याला सकाळी मी मशीन जोडायला बसलो. एक डिस्क लावली आणि दुसरी कपाटाकडे न्यायला निघालो, तर भाऊंनी थांबवलं.

"कुठं चालला तिला घेऊन?"

"कपाटात ठेवतो, भाऊ. नक्कल आहे ती."

"हत्यार पूजलं अन् दसऱ्याला कपाटात घातलं? असं न्हाई राव करत. आज त्येनं काम केलं पायजे."

"तिला काम काहीच नाही. नुसती बसून राहील."

"बसू दे की. आमचा थोरला भाऊ बी दुकानात नुसता बसतो. कामाला हाय म्हणतो का न्हाई आपण?"

भाऊंचे थोरले बंधू तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न करता म्हटलं, "मी बसतो म्हणून तुला शटर उघडं ठेवून जेवाया जाता येतं."

मी हसलो आणि मोकळ्या वायरीला दुसरी डिस्क लावली. नंबर लिहिलेलाच आहे, मशीन बरोबर तीच घेईल, असं माझ्या मनात पक्कं होतं. दोन्हींवरचं स्केचपेन ओल्या फडक्याने पुसलं गेलं होतं हे मला दिसलं, पण त्याचंही काही वाटलं नाही.

दसऱ्याला नव्या गाड्यांचे फोटो काढून घ्यायला लोक यायचे. हार घातलेले ट्रॅक्टर, मोटारसायकली, त्यांच्यापुढे सगळं घर. संध्याकाळी भाऊंनी कार्ड माझ्याकडे दिलं, मी ते डिस्कवर उतरवून पुसलं.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. "काय भाऊ, आईचे फोटो बघायचे ना? भाचा निघायच्या तयारीत आहे."

मी फोल्डर उघडायला गेलो. फोल्डर नव्हतं. गणपतीतलं कोणाचं तरी बारसं, तेही नव्हतं. श्रावणापर्यंतचं सगळं होतं, मग एकदम कालचे ट्रॅक्टर. मधलं जणू कोणी कात्रीने काढून घेतलं होतं. मी मान खाली घालून बसलो. भाऊंनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि शेठना म्हणाले, "मशीन जरा गरम झालंय. तुमी परवा या."

शेठ गेल्यावर भाऊ शेजारी येऊन बसले. "काय झालं?"

"नाहीत."

"न्हाईत म्हंजे? कुठं गेलं?"

"माहीत नाही, भाऊ."

"तू काही पुसलं?"

"नाही."

"मी?"

"तुम्ही या मशीनला हात लावत नाही."

"मग कोन राह्यलं?" त्यांनी थोरल्या बंधूंकडे पाहिलं.

"माझं नाव घेऊ नको," ते म्हणाले. "मला त्या मशीनचं बटन बी ठाव न्हाई."

माझ्या मनात पहिला विचार हाच आला की मशीनने चुकून नक्कल तर उघडली नाही? मी नंबर काढून पाहिला. लिहून ठेवलेला नंबर आणि उघडलेल्या डिस्कचा नंबर अक्षर न् अक्षर एकच होता. म्हणजे ही मूळच. नक्कल तर श्रावणातली, तिच्यावर हे फोटो असणंच शक्य नव्हतं, म्हणून तिच्याकडे मी बघितलंही नाही. मूळ डिस्कवरून दीड-दोन महिन्यांचं काम नाहीसं झालं होतं आणि त्याचं कारण माझ्याकडे नव्हतं. मला सगळ्यात जास्त भीती बाईंची वाटत होती. महिनाभराचा उपास कोणी पुन्हा करू शकत नाही, आणि त्यांच्या वयात तर नाहीच.

तेव्हा मंचरला दिवसातून बराच वेळ लाइट जायची. दुपारी ती गेली. आमचा यूपीएस मशीन नीट बंद करण्यापुरताच टिकायचा. लाइट आल्यावर मी काही आशा न धरता मशीन सुरू केलं आणि फोल्डर उघडलं.

बाईंचे फोटो होते. मिरवणूक होती, पारणं होतं, गणपतीतलं बारसं होतं.

मी भाऊंना हाक मारली. ते बघत राहिले, मग खुर्ची ओढून बसले. "हायत की."

"हो. पण आता ट्रॅक्टर नाहीत."

"काय?"

"कालचे. दसऱ्याचे. ते नाहीत."

"असं कसं राव? सकाळी त्ये व्हतं अन् हे नव्हतं. आता हे हाय अन् त्ये न्हाई. आळीपाळीनं येतंय का काय?"

मी म्हणालो, "आधी हे सीडीवर घेऊ." सीडी लिहायची सोय भाऊंच्या दुसऱ्या मशीनवर होती, पण कोऱ्या सीडी संपल्या होत्या. थोरले बंधू आणायला गेले. ते सीडी घेऊन परत येण्याआधीच लाइट पुन्हा गेली. संध्याकाळी ती आली तेव्हा ट्रॅक्टर परतले होते आणि बाई पुन्हा गेल्या होत्या.

थोरल्या बंधूंनी सीडीचा डबा टेबलावर ठेवला. "ह्यात काय भरायचं आता? ट्रॅक्टर?"

माझा गोंधळ भीतीच्या पलीकडे गेला होता. डिस्क खराब होत असती तर फाइली एकेक करून बिघडल्या असत्या. व्हायरस असता तर सगळंच गेलं असतं. इथे दोन्हीपैकी एक गट संपूर्ण नीट असायचा आणि दुसरा संपूर्ण नाहीसा. आणि प्रत्येक वेळी नंबर तोच. मी तो एका कागदावर लिहून मशीनला चिकटवला होता आणि दर वेळी बोट ठेवून ताडून पाहायचो. मला वाटायला लागलं की मी शिकलो ते अर्धवट शिकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू झालं तेव्हा बाई होत्या. भाऊ म्हणाले, "आता सीडीच्या नादाला लागू नको. दोन डिस्का हायत ना? हिच्यावरनं तिच्यावर छाप मार. श्रावणात मारली तशी. एकदा दोन्हीकडं आलं म्हंजे जाईल कुठं?"

मला ते पटलं. सीडीवर मोजकेच फोटो बसले असते, डिस्कवर सगळं बसलं असतं. मी आज्ञा लिहिली. कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर, हे त्यात सांगावं लागतं, आणि तिथे मी अडलो. डिस्कवरचं नाव पुसलेलं होतं. मशीनने दिलेली दोन नावं समोर दिसत होती, पण लाइट गेल्यावर त्यांतलं कोणतं कोणाला मिळतं याचीही मला खात्री राहिली नव्हती. दिशा उलटी झाली तर ट्रॅक्टरवाली डिस्क बाईंच्या डिस्कवर उतरणार होती, पहिल्या कणापासून. मग सीडी नाही, दुसरी डिस्क नाही, काहीच उरलं नसतं.

"दाब की," भाऊ म्हणाले.

"थांबा. एकाला विचारतो."

कॉलेजात माझ्या खोलीत राहणारा मित्र पुण्याला एका कंपनीत लागला होता. भाऊंच्या मोबाइलवरून त्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दोन्ही डिस्कचे नंबर वाच. आधी जिच्यावरून घ्यायचंय तिचा."

मी वाचला. एकेक अक्षर, सावकाश.

"आता दुसरीचा."

मी दुसरी ओळ वाचायला लागलो. निम्म्यात त्याने थांबवलं. "अरे, तू तीच ओळ परत वाचतोयस."

"नाही. खालची वाचतोय."

"नीट बघ."

मी बोट ठेवलं. वरची ओळ, खालची ओळ. पहिलं अक्षर, दुसरं, तिसरं. शेवटपर्यंत. "दोन्ही एकच आहेत," मी म्हणालो.

"असं कसं असेल?" तोही गोंधळला. "दोन डिस्कना एक नंबर मिळतच नाही. म्हणून तर तो असतो."

मी पुन्हा दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. भाऊंच्या फोनचं बिल चाललं होतं. तेव्हा मला हळूहळू कळायला लागलं की नंबर मिळालेला नव्हताच. नंबर मीच दिला होता. पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत सगळं उतरवताना तो नंबरही कुठल्या तरी कणांत होता, आणि तोही उतरला. नक्कल कपाटात होती तोवर कोणाला कळायचं कारण नव्हतं. दसऱ्याला ती मशीनला लागली आणि मशीनसमोर दोन डिस्क एकाच ओळखीने उभ्या राहिल्या. त्यांतली जी ज्या वेळी हाताला लागेल ती मशीन घेत होतं, आणि मी नंबर ताडून खूश होत होतो.

मी हे भाऊंना सांगितलं. त्यांनी विचार केला. "म्हंजे आमच्या बोरी गावासारखं. पण बोरीला बुद्रुक अन् खुर्द तरी हाय. तू दोघींस्नी नुसतं बोरीच ठेवलं."

"हो."

"अन् पाव्हणा आला का जी यष्टी आधी लागंल तिनं जानार."

"तसंच."

"मग एक वायर काढ की. एवढं काय शास्त्र त्यात?"

मित्र फोनवर हसला. मी मशीन बंद केलं आणि एक वायर काढली. कोणती, ते मला सांगता आलं नसतं. सुरू केलं तर ट्रॅक्टर. पुन्हा बंद केलं, ती काढून दुसरी लावली. बाई होत्या. आता दुसरी डिस्क लागलेलीच नव्हती, त्यामुळे लाइट गेली असती तरी त्या कुठे गेल्या नसत्या. तरीही मी आधी सीडी भरली, मग आणखी एक भरली, आणि मगच ट्रॅक्टरच्या डिस्कला एकटीला जोडून तिला नवा नंबर दिला. त्यासाठीही एक साधी आज्ञा होती. ती इतकी छोटी होती की मला वाईट वाटलं. मग दोन्ही एकत्र लावल्या आणि एकीवर जे नव्हतं ते दुसरीवरून आणलं.

यातली मूळ कोणती हे मात्र मला आता ठरवता येईना. जुनी तीच मूळ म्हणावं, तर दसऱ्याचं काम तिच्यावर कधी उतरलंच नव्हतं. दुसरी नक्कल म्हणावी, तर तिच्यावरचे ट्रॅक्टर दुसऱ्या कशाचीही नक्कल नव्हते. स्केचपेन हातात घेऊन मी दोन्हींवर काय लिहावं याचा विचार करत बसलो. शेवटी एकीवर हळदीचा डाग राहिला होता, दुसरीवर नव्हता. मी 'हळदीची' आणि 'बिनहळदीची' असं लिहिलं. भाऊंनी ते वाचलं आणि म्हणाले, "बी.एस्सी. कामाला आलं."

संध्याकाळी आम्ही शेठच्या दुकानी गेलो. बिलं करायच्या त्यांच्या संगणकावर सीडी लावली. मोठ्या बाई आतून येऊन खुर्चीवर बसल्या. मध्ये काय झालं हे शेठना कळलं होतं. बाईंना कोणी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. त्या सगळे फोटो शांतपणे बघत होत्या. पारण्याचा आला तेव्हा त्यांनी हात वर केला.

"हा नको पाठवू."

"पारण्याचाच नको तर मग काय पाठवायचं, आई?" शेठ म्हणाले.

"मिरवणुकीतला पाठवा. त्यात मी हसते."

भाऊ पुढे झाले. "मोठ्या बाई, सगळ्यात चांगला त्योच आलाय. चेहरा बगा, सगळा महिना दिसतोय त्यात."

"म्हणून तर नको. ओली बाळंतीण आहे ती. आईचा हात असा थरथरताना बघेल आणि रडत बसेल. अंगावरचं दूध जाईल तिचं."

फोटोत हात हलून पुसट आलाय, थरथरतोय, हे मला त्यांनी सांगेपर्यंत दिसलं नव्हतं. आता तेवढंच दिसायला लागलं. मी म्हणालो की तो फोटो वगळून भाच्यासाठी नवी सीडी लगेच करून आणतो. मग मला राहवलं नाही म्हणून विचारलं, "आमच्या मशीनमधूनही काढू का?"

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तिथं राहिला तर कोणाला दिसेल?"

"कोणाला नाही. तुम्ही मागाल तेव्हाच काढू."

"पण राहील ना? आपोआप जात नाही ना?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आता नाही जाणार. दोन ठिकाणी आहे."

"मग असू दे," त्या म्हणाल्या, आणि भाच्यासाठी डबा भरायला सांगायला आत गेल्या.